बातमी सोडली कोणी?

(कतार प्रकरणातल्या सर्व वेळा तिथल्या राजधानीच्या, म्हणजे दोहाच्या आहेत. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतं.)

एप्रिल २०१७

कतार न्यूज एजन्सी, म्हणजे क्यूएनए, ही कतार सरकारची अधिकृत वृत्तसंस्था. अमीर कोणाला भेटले, कोणत्या देशाला शुभेच्छांची तार गेली, कोणता करार झाला, हे जगाला कळवण्याचं काम ती १९७५ पासून करते. तिच्या बातम्या कोणी आवडीने वाचत नाही, आणि त्या तशा वाचल्या जाव्यात अशी कोणाची अपेक्षाही नसते. तिचं सगळं वजन एकाच गोष्टीत आहे : ती बोलली म्हणजे सरकार बोललं.

या संस्थेच्या संकेतस्थळात एक फट होती. एप्रिलमध्ये कोणीतरी ती हेरली, त्या वाटेने आत शिरलं आणि एक फाइल पेरून ठेवली. कतारच्या गृहखात्याने पुढे जून आणि जुलैमध्ये जाहीर केलेल्या तपासाचा हा सारांश आहे. या तपासाला अमेरिकेच्या एफबीआयची आणि ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीची मदत होती. आत शिरलेल्यांनी खाती ताब्यात घेतली, पासवर्ड गोळा केले आणि मग ते स्वस्थ बसले. एक ओळसुद्धा छापली नाही.

बातम्यांचं संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालतं, तिला डेस्कवर सगळे सीएमएस म्हणतात. तिथे प्रत्येकाला एक भूमिका नेमून दिलेली असते. जगभर वापरात असलेल्या वर्डप्रेसचंच बघा. कॉन्ट्रिब्युटर कॉपी लिहितो, पण त्याला ती लाइव्ह करता येत नाही. ऑथर स्वतःची बातमी स्वतः सोडू शकतो. एडिटर कोणाच्याही बातमीला हात लावू शकतो. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोणालाही कोणतीही भूमिका देऊ शकतो, स्वतःलाही. मोठ्या न्यूजरूममध्ये या पायऱ्या आणखी वाढतात : बातमीदार, उपसंपादक, पाळीप्रमुख, वृत्तसंपादक. छापखान्यातली उतरंडच इथे आली आहे. पान सोडण्याआधी ज्याची सही लागायची, त्याच्याकडे आता 'पब्लिश'चं बटण आहे.

पण सही करणारा माणूस समोर उभा असायचा. प्रणालीला माणूस दिसत नाही, खातं दिसतं. पाळीप्रमुखाचं खातं ज्याच्या हाती, तो तिच्या लेखी पाळीप्रमुख. आणि जो थेट सर्व्हरपर्यंत पोचला, त्याला भूमिका लागतच नाही. त्याची कॉपी उपसंपादकाच्या टेबलावरून जात नाही, कोणाच्या मंजुरीसाठी अडत नाही. वाचकाला मात्र ती बाकीच्या बातम्यांसारखीच दिसते. तोच मथळा, तोच टाइप, तोच शिक्का.

२१ मे

डोनाल्ड ट्रम्प यांचा अध्यक्ष म्हणून पहिलाच परदेश दौरा रियाधपासून सुरू झाला होता. या दिवशी तिथे अरब आणि इस्लामी देशांच्या प्रमुखांची मोठी परिषद भरली. कतारचे अमीर शेख तमीम बिन हमद अल थानीही तिला हजर होते. वर वर सगळे एका रांगेत उभे होते. पण सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी २०१४ च्या मार्चमध्ये दोहातून राजदूत परत बोलावले होते, आणि ते परतायला आठ महिने लागले होते. मुस्लिम ब्रदरहूड, इराण, हमास, कतारची अल जझीरा वाहिनी हे वादाचे जुने विषय जागच्या जागी होते. सरपण आधीच रचलेलं होतं, हे विसरून पुढचं काही समजत नाही.

२३ मे, दिवसभर

राष्ट्रीय सेवेचं प्रशिक्षण पुरं केलेल्या तरुणांचा दीक्षान्त समारंभ झाला. अमीर त्याला उपस्थित होते. कतारी अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी तिथे भाषण केलं नाही.

बनावट बातमी कोणत्या खुंटीला टांगायची, हे ठरवणाऱ्याला डेस्कचं काम कसं चालतं ते नीट माहीत होतं असं मला वाटतं. रात्री उशिरा अशी कॉपी हाती आली की उपसंपादक पहिल्यांदा विचारतो : कार्यक्रम झाला का? झाला. अमीर होते का? होते. फोटो आहेत का? आहेत. बोलले का, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि अधिकृत वृत्तसंस्थेच्या बाबतीत तो सहसा कोणी विचारतच नाही.

२३ मे, मध्यरात्रीच्या आधी

त्या वेळी क्यूएनएच्या संकेतस्थळावर फारसं कोणी नसतं. पण त्या रात्री मध्यरात्रीच्या आधीपासूनच अमिरातीतून कोणीतरी मुखपृष्ठ उघडून पुन्हा पुन्हा ताजं करून पाहत होतं, असं कतारच्या गृहखात्याने नोंदींच्या आधारे सांगितलं. अमिरातीने सगळे आरोप साफ नाकारले. १६ जुलैला वॉशिंग्टन पोस्टने अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्यांचा हवाला देऊन बातमी दिली की २३ मे रोजी अमिरातीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या योजनेवर चर्चा केली होती. अमिरातीने तेही नाकारलं. त्याआधी सीएनएनने अमेरिकी तपासकर्त्यांना रशियन हॅकरांचा संशय असल्याचं म्हटलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात या प्रकरणी पाच जणांना अटक झाल्याचं कतारच्या महाधिवक्त्यांनी सांगितलं.

प्रणाली प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते : कोणत्या खात्याने, कुठून, किती वाजता. न्यूजरूममध्ये ती सहसा कोणी उघडत नाही. घटना घडून गेल्यावर तपास अधिकारी ती मागतात. बातमी पडण्याआधीच कोणी बातमीची वाट पाहत बसलंय, हे त्या नोंदीत त्याच वेळी दिसत होतं.

२४ मे, रात्री १२:१३

बातमी लाइव्ह झाली.

अमिरांच्या तोंडी घातलेली विधानं थोडक्यात अशी : इराण ही इस्लामी जगातली मोठी शक्ती आहे, तिच्याशी वैर घेणं शहाणपणाचं नाही. हमास हीच पॅलेस्टिनी जनतेची खरी प्रतिनिधी. इस्रायलशी संबंध चांगले आहेत. ट्रम्प प्रशासनाशी ताण आहे, आणि ते गृहस्थ किती काळ टिकतील याची शंका आहे. रियाधच्या परिषदेला तीन दिवसही झाले नव्हते.

संस्थेची ट्विटर आणि इतर समाजमाध्यमांवरची खातीही गेलेली होती. तिथे आणखी एक गोळी सुटली : परराष्ट्रमंत्री शेख मोहम्मद बिन अब्दुलरहमान यांच्या नावाने, कतार आपल्या शेजाऱ्यांकडून आणि इजिप्तकडून राजदूत परत बोलावत आहे. २०१४ ची आठवण ताजी असलेल्या कोणालाही हे अगदी पटण्यासारखं होतं. शिवाय त्या रात्रीच्या कतारी दूरचित्रवाणी बातमीपत्राची एक चित्रफीत यूट्यूबवर दिसू लागली. खालच्या पट्टीत तीच वाक्यं सरकत होती. संकेतस्थळ, ट्विटर, पट्टी अशा तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसली की डेस्क तिला दुजोरा मानतं. पण तिन्ही नळ एकाच टाकीला जोडलेले असले, तर तो दुजोरा कसला?

आपल्याकडे तेव्हा पावणेतीन वाजत आले होते. शहर आवृत्त्यांची पानं गेलेली, वेबच्या रात्रपाळीला एखाद-दुसरा माणूस. भारतातल्या अनेक बातम्यांच्या संकेतस्थळांवर वृत्तसंस्थेची कॉपी आपोआप लाइव्ह होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या बातमीवर आमच्या संपादकांनी काम केलेलं नाही, ती संस्थेच्या फीडमधून थेट आली आहे. वाचक ती ओळ वाचत नाही. मला तिचा अर्थ फार गंभीर वाटतो. त्या संकेतस्थळाने दुसऱ्या इमारतीतल्या, कदाचित दुसऱ्या देशातल्या कोणाला तरी आपल्या प्रणालीत 'पब्लिश'चा अधिकार देऊन टाकलेला असतो. त्याचं खातं आपल्या यादीत नसतं, त्याचा पासवर्ड आपण बदलू शकत नाही, तो नोकरी सोडून गेला तर आपल्याला कळत नाही. वृत्तसंस्थेचा एक दरवाजा फोडला की त्यामागे शेकडो न्यूजरूमचे दरवाजे आपसूक उघडतात.

रात्री १२:१३ नंतरची काही मिनिटं

अबू धाबीची स्काय न्यूज अरेबिया आणि तेव्हा दुबईतून चालणारी सौदी मालकीची अल अरेबिया या वाहिन्यांनी विधानं उचलली. काही मिनिटांतच ब्रेकिंग पट्ट्या आणि विश्लेषक पडद्यावर आले. मध्यरात्र उलटून गेल्यावर इतक्या झटपट पाहुणे जमले कसे, हा प्रश्न कतारने पुढे वारंवार विचारला. डेस्कवर काम केलेल्या माणसालाही तो पडेल. रात्री साडेबाराला पश्चिम आशियावर बोलणारा एक तज्ज्ञ फोनवर मिळवायला काय यातायात करावी लागते, ते आम्हाला माहीत आहे.

रात्री, खुलासा

थोड्याच वेळात कतार सरकारच्या संपर्क कार्यालयाने, त्याचे संचालक शेख सैफ बिन अहमद अल थानी यांच्या नावाने, निवेदन काढलं : क्यूएनएचं संकेतस्थळ अज्ञात लोकांनी हॅक केलं आहे, अमिरांच्या नावे छापलेली विधानं खोटी आहेत.

सगळा घटनाक्रम इथे अडतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

बातमी ज्या दारातून गेली, त्याच दारातून तिचा खुलासा जाऊ शकत नव्हता. संकेतस्थळ परक्याच्या हातात, ट्विटरही त्याच्याच हातात. क्यूएनएची बातमी म्हणून जगाने जी गोष्ट घेतली होती, ती मागे घेणारी क्यूएनएची बातमी देण्याचा अधिकार त्या घटकेला क्यूएनएकडे नव्हता. वृत्तसंस्थांची तारेच्या जमान्यापासूनची एक शिस्त आहे. चुकीची कॉपी गेली की तिच्या मागोमाग 'किल' सूचना धाडायची : अमुक वेळेची अमुक बातमी वापरू नये, वापरली असेल तर काढावी. ती त्याच तारेवरून जाते, म्हणून घेणाऱ्याच्या टेबलावर तिचं वजन मूळ बातमीइतकंच असतं. इथे मूळ बातमी अधिकृत वृत्तसंस्थेची होती आणि खुलासा एका कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकातून आला. ज्याला तो ऐकायचा नव्हता, त्याला सबब आयती मिळाली : हॅक झालं असं आता म्हणताहेत, आधी तर त्यांच्याच संकेतस्थळावर होतं.

भूमिका आणि परवानग्या ठरवताना सगळा वेळ एकाच प्रश्नावर जातो : बातमी सोडायची कोणी? सोडलेली बातमी परत कोणी घ्यायची, किती मिनिटांत, आणि नेहमीचा रस्ता बंद असेल तर कोणत्या रस्त्याने, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. पहाटे तीन वाजता ज्याला 'पब्लिश' करता येतं, त्याला बऱ्याच ठिकाणी 'अनपब्लिश' करता येत नाही. तो अधिकार वरच्याकडे, आणि वरचा झोपलेला. शिवाय संकेतस्थळावरून कॉपी काढली तरी मोबाइलवर गेलेली नोटिफिकेशन परत येत नाही, सर्च इंजिनने उचललेला मथळा लगेच जात नाही, भागीदार संकेतस्थळांच्या फीडमधली प्रत तशीच राहते आणि स्क्रीनशॉट तर कोणाच्याच हातात नसतो.

चार वर्षांआधी, २३ एप्रिल २०१३ रोजी, असोसिएटेड प्रेसचं ट्विटर खातं असंच गेलं होतं. वॉशिंग्टनच्या वेळेनुसार दुपारी १:०७ वाजता त्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं आणि ओबामा जखमी झाल्याचं ट्विट पडलं. डाऊ जोन्स निर्देशांक मिनिटा-दोन मिनिटांत सुमारे १४० अंकांनी कोसळला आणि तितक्याच झपाट्याने सावरलाही. एपीचे बातमीदार स्वतःच्या खात्यांवरून, फोनवरून, समोरासमोर ओरडून सांगत होते की आमचं खातं गेलंय. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी अध्यक्ष ठीक असल्याचं सांगितलं. खुलाशाला दुसरी दारं होती, आणि मुख्य म्हणजे पलीकडे ऐकणाऱ्याला तो ऐकायचा होता.

२४ मे, पहाट

क्यूएनएच्या लोकांनी तंत्रज्ञांच्या मदतीने संकेतस्थळ पुन्हा ताब्यात घेतलं. समाजमाध्यमांवरची खाती परत मिळायला आणखी वेळ लागला. सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलणं, सुरू असलेली सगळी लॉगिन सत्रं बंद करणं, कोणत्या खात्याला कोणता अधिकार आहे याची यादी मुळापासून तपासणं, अशा वेळी हे सगळं एका दमात करावं लागतं. पासवर्ड बदलला तरी बऱ्याच प्रणालींत आधीच उघडं असलेलं सत्र चालूच राहतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. चोराची किल्ली काढून घेतली, पण चोर आतच, असा प्रकार होतो.

आपल्याकडच्या न्यूजरूममध्ये मी जे पाहिलंय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका संकेतस्थळाच्या रात्रपाळीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. सगळ्यात वर पिन केलेला निरोप : लॉगिन आणि पासवर्ड. सगळ्यांसाठी एकच खातं, नाव 'वेबडेस्क', भूमिका अ‍ॅडमिन, कारण एकदा कोणाला तरी होमपेजवरचा फोटो बदलता येत नव्हता म्हणून ती दिली आणि परत काढलीच नाही. त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून दुसऱ्या वर्तमानपत्रात गेलेली माणसं होती, इंटर्नशिप संपवून गेलेली मुलं होती. ती सगळी सज्जन होती, म्हणून काही झालं नाही. बातमी कोणी सोडली, असं उद्या कोणी विचारलं तर प्रणालीचं उत्तर एकच : वेबडेस्कने.

हे आळशीपणामुळे होत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. बातमी पाच मिनिटं उशिरा पडली तर त्याच रात्री जाब विचारला जातो. परवानगी पाच वर्षं चुकीच्या माणसाकडे राहिली तर कोणी विचारत नाही. ज्याच्यावर घाई लादलेली आहे, तो दार उघडंच ठेवणार. दोष दार उघडं ठेवणाऱ्या मुलाचा नाही. त्याला स्वतःची वेगळी किल्ली ज्यांनी दिली नाही, त्यांचा आहे.

२४ मे, दिवस

सौदी अरेबिया आणि अमिरातीत अल जझीरासह कतारी संकेतस्थळं बंद झाली. त्याच दिवशी इजिप्तनेही २१ संकेतस्थळं रोखली. त्यांत अल जझीरा होतं, आणि मादा मस्र हे कैरोतलं स्वतंत्र पत्रकारांनी चालवलेलं संकेतस्थळही होतं. एका खोट्या बातमीच्या निमित्ताने ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांच्या खऱ्या बातम्या वाचकापासून तोडल्या गेल्या. याबद्दल त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही.

२५ मे ते ४ जून

कतारच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या देशाविरुद्ध मोहीम चालली असल्याचं सांगितलं. २७ मे रोजी रमजान सुरू झाला. त्याच सुमारास अमिरांचं इराणचे अध्यक्ष रुहानी यांच्याशी फोनवर बोलणं झालं, आणि टीकाकारांना हवं ते मिळालं : बघा, म्हणजे ते भाषण खरंच होतं. जूनच्या सुरुवातीला अमिरातीचे अमेरिकेतले राजदूत युसुफ अल ओतैबा यांचे ईमेल फुटले आणि पत्रकारांच्या हाती पडले. एकाची वृत्तसंस्था, दुसऱ्याचा मेलबॉक्स.

या अकरा दिवसांत खुलाशाला पुरेसा वेळ होता. तो सगळ्या भाषांत, सगळ्या वाहिन्यांवर देऊन झाला. एफबीआयचे लोक दोहात पोचले होते. तरीही संबंधित राजधान्यांमध्ये ती विधानं खरी धरूनच बोललं जात होतं. पहिल्या तासात खुलासा मूळ बातमीच्या शेजारी उभा राहिला नाही, तर नंतर तो फक्त दुसऱ्या बाजूचं म्हणणं उरतो.

५ जून, पहाटे सहाच्या सुमारास

पहिलं बहरीन. मग काही मिनिटांच्या अंतराने सौदी अरेबिया, अमिराती, इजिप्त. कतारशी राजनैतिक संबंध तोडले. बहरीनची घोषणा बहरीन न्यूज एजन्सीवर, सौदीची सौदी प्रेस एजन्सीवर, अमिरातीची वाम या तिथल्या वृत्तसंस्थेवर. या वेळी वृत्तसंस्थांच्या बातम्या खऱ्या होत्या.

कतारी मुत्सद्द्यांना ४८ तास. तिन्ही आखाती देशांत राहणाऱ्या कतारी नागरिकांना १४ दिवस. हवाई हद्द बंद, समुद्र बंद. कतारला जमिनीने जोडणारी एकच सीमा आहे, सौदी अरेबियाची, आणि देशाचं जवळपास ४० टक्के अन्न त्या रस्त्याने येत होतं. तीही बंद. ट्रक सीमेपलीकडे उभे राहिले.

५ जून, सकाळ

दोहातल्या सुपरमार्केटमध्ये लोकांनी ट्रॉल्या भरभरून दूध, कोंबडी, पाणी, तांदूळ उचलला. रमजानचा दहावा दिवस होता. कतारमध्ये तेव्हा भारतीयांची संख्या साडेसहा लाखांच्या घरात होती, म्हणजे कतारी नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, नर्सेस होत्या, आपल्याकडचे इंजिनिअर होते. दुबईमार्गे सुट्टीवर जाणाऱ्यांची तिकिटं वाया गेली. सीमेच्या दोन्ही बाजूंना लग्नं झालेल्या आखाती कुटुंबांत नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची, मुलं बापाच्या पासपोर्टवर. कोणी कुठे जायचं, याचं उत्तर १४ दिवसांत काढायचं होतं.

६ आणि ७ जून

ट्रम्प यांनी ट्विट करून कतारला एकटं पाडण्याच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेचा या भागातला सगळ्यात मोठा हवाई तळ अल उदेद कतारमध्येच आहे आणि तिथे सुमारे दहा हजार अमेरिकी सैनिक होते, तरीही.

७ जूनला कतारच्या गृहखात्याने तपासाचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले : फाइल एप्रिलमध्ये पेरली, २४ मेच्या रात्री १२:१३ ला वापरली. त्याच दिवशी अमिरातीच्या महाधिवक्त्यांनी बजावलं की समाजमाध्यमांवर किंवा अन्य कुठल्याही मार्गाने कतारविषयी सहानुभूती दाखवणाऱ्याला ३ ते १५ वर्षांची कैद आणि किमान ५ लाख दिरहमचा दंड होईल. बहरीननेही पाठोपाठ असाच इशारा दिला. वृत्तसंस्थेच्या प्रणालीतली एक परवानगी बाहेरच्याने वापरली, आणि दोन आठवड्यांत लक्षावधी माणसांची, स्वतःच्या फोनवर स्वतःच्या मनातलं लिहिण्याची परवानगी गेली.

जून संपता संपता

कतारचा बराच माल तोवर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरून पुढे जायचा. ती वाट मिटली, तेव्हा कतारच्या हमद बंदराकडे थेट जाणारी इंडिया-कतार एक्स्प्रेस ही नवी जहाजसेवा गुजरातमधल्या मुंद्रा आणि उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरांतून सुरू झाली. तुर्कस्तान आणि इराणमधून विमानांनी अन्न आलं. जुलैमध्ये तर दुधाची सोय करण्यासाठी गाई विमानाने आणल्या गेल्या.

चारही देशांनी १३ मागण्यांची यादी कुवेतच्या मध्यस्थीने कतारला दिली. अल जझीरा बंद करा, ही त्यांतलीच एक. कतारने ती मानली नाही.

१३ जानेवारी २०१८, हवाई

ही घटना दुसऱ्या महासागरातली, पण याच यादीत बसते. अमेरिकेच्या हवाई राज्यात सकाळी ८:०७ ला लोकांच्या मोबाइलवर इशारा गेला : क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. आपत्ती व्यवस्थापन कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने तो एकट्याने सोडला होता. दुसऱ्याची संमती लागेल अशी व्यवस्था नव्हती. आणि इशारा खोटा होता हे सांगणारा संदेश फोनवर पोचायला ८:४५ वाजले. अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या चौकशीत निघालं की खोटा इशारा मागे कसा घ्यायचा याची काहीच तयारी केलेली नव्हती. त्या ३८ मिनिटांत माणसांनी मुलांना घेऊन मिळेल त्या आडोशाला धाव घेतली. क्यूएनएत दरवाजा बाहेरच्याने फोडला होता, हवाईत बटण आतल्याने दाबलं. परत घेण्याची सोय दोन्हीकडे नव्हती.

५ जानेवारी २०२१

सौदी अरेबियातल्या अल उला इथे आखाती देशांच्या नेत्यांनी करारावर सह्या केल्या. विमानतळावर शेख तमीम यांना घ्यायला सौदी युवराज स्वतः आले होते. नाकेबंदी उठली, हवाई हद्द खुली झाली आणि काही दिवसांत सीमेवरून गाड्या जाऊ लागल्या. ५ जून २०१७ पासून मोजली तर तीन वर्षं सात महिने झाले होते.